निर्ग्रंथांच्या वाटेवर एक बौद्ध

राजगृहाभोवतीच्या डोंगरांपैकी एकाचं नाव ऋषिगिरी, पालीत इसिगिली. त्याच्या उतारावरच्या काळशिळेपाशी एका संध्याकाळी काही निर्ग्रंथ, म्हणजे त्या काळचे जैन, श्रमण उभे होते. आसन घ्यायचं नाही, बसायचं नाही, अंगाला होतील त्या वेदना सोसत उभं राहायचं, असं त्यांचं व्रत होतं. गौतम बुद्ध तिथे गेला आणि त्याने विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, आमचे नातपुत्त (महावीर) सर्वज्ञ आहेत. पूर्वी केलेलं पाप या दुष्कर तपाने झिजवा आणि नवं करू नका, अशी त्यांची शिकवण आहे. मग बुद्धाने एकामागून एक प्रश्न टाकले. तुम्ही पूर्वजन्मी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे? नाही. पाप केलंत हे ठाऊक आहे? नाही. कोणतं? नाही. त्यातलं किती झिजलं, किती उरलं? तेही नाही.

मज्झिमनिकायातल्या चूळदुक्खक्खंधसुत्तात बुद्ध ही हकीकत महानाम शाक्याला सांगतो. हकीकत बौद्धांनी जपली, त्यामुळे त्यात निर्ग्रंथ निरुत्तर होणार हे ठरलेलंच. प्रत्यक्षात ते इतक्या मुकाट्याने ‘नाही, नाही’ म्हणाले असतील असं मला वाटत नाही. जैन तत्त्वज्ञानात ज्ञान बाहेरून मिळवायचं नसतं, तो जीवाचा स्वभावच आहे. कर्माच्या आठ प्रकारांत पहिलंच ज्ञानावरणीय, म्हणजे जाणण्याच्या शक्तीवर झाकण घालणारं. तपाने कर्म झडतं, त्याला निर्जरा म्हणतात. झाकण पुरतं गेलं की उरतं ते केवलज्ञान. ही मांडणी धरून चालणारा निर्ग्रंथ बुद्धाला म्हणाला असता, आम्हाला ठाऊक नाही म्हणूनच तर आम्ही इथे उभे आहोत. तप ही त्याच्या लेखी शिक्षा नव्हती, जाणून घेण्याची रीत होती. दोघांचा वाद होता तो सत्यापर्यंत कोणत्या दाराने जायचं याचा.

हे सुत्त आणि असली शेकडो सुत्तं ज्यांना मुखोद्गत होती, ज्यांनी मराठी वाचकाला बुद्ध पाली ग्रंथांतून थेट आणून दिला, ते धर्मानंद कोसंबी 1947 च्या उन्हाळ्यात सेवाग्रामला अन्न सोडून पडले होते. बुद्धाने टाकून दिलेल्या उपवासाच्या वाटेने, निर्ग्रंथांच्या रीतीने, त्यांनी मरण पत्करलं. याला विसंगती म्हणून मोकळं होता येत नाही. त्यामागे जवळपास अर्ध्या शतकाचा अभ्यास होता.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 चा, गोव्यातल्या सांकवाळचा. घरची शेती, शिक्षण जेमतेम. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि त्या चार पानांनी माणूस पार बदलला. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुण्यात भांडारकरांच्या ओळखीने संस्कृतची सुरुवात, मग ग्वाल्हेर, काशीच्या अन्नछत्रातलं जेवण, नेपाळातली निराशा, बोधगया, आणि शेवटी सिलोनमध्ये सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली आणि भिक्षूची दीक्षा. पुढे ब्रह्मदेशात ध्यानधारणा. ‘निवेदन’ या 1924 च्या आत्मचरित्रात हा सगळा प्रवास त्यांनी कोरड्या, जवळजवळ जमाखर्चाच्या भाषेत लिहिला आहे. मराठीतल्या चांगल्या आत्मचरित्रांत मी ते फार वर ठेवीन.

या त्यागाची दुसरी बाजूही आहे. घर सोडलं तेव्हा मागे पत्नी बाळाबाई होत्या आणि अगदी तान्ही मुलगी होती. काही वर्षांनी धर्मानंदांनी चीवर उतरवलं, संसार पुन्हा मांडला. पण मधली वर्षं बाळाबाईंनी कशी काढली, याची नोंद नवऱ्याच्या पुस्तकातून जेवढी सांडते तेवढीच. संन्याशांच्या चरित्रांत हा खर्च बहुधा दुसऱ्याच्या नावावर पडलेला असतो.

परतल्यावर त्यांना कलकत्त्यात पाली शिकवण्याचं काम मिळालं. पण महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचं म्हणून त्यांनी तिथला बऱ्यापैकी पगार सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचं दरमहा 50 रुपयांचं साहाय्य घेतलं. 1910 मध्ये ते हार्वर्डला गेले. तिथे ‘विसुद्धिमग्ग’ या बुद्धघोषाच्या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करायची होती. त्या कामासाठी पुढच्या वीसेक वर्षांत ते पुन:पुन्हा अमेरिकेला गेले. मधल्या काळात फर्ग्युसन कॉलेजात शिकवलं, 1929 मध्ये लेनिनग्राडला राहून आले, 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले.

आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाची आहेत ती 1922 नंतरची अहमदाबादची वर्षं. गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात पुरातत्त्व मंदिर नावाची संस्था होती. मुनी जिनविजय तिचे प्रमुख. पंडित सुखलालजी तिथे होते, बेचरदास दोशी होते. जैन आगम आणि दर्शन यांत मुरलेल्या या मंडळींच्या संगतीत पालीचा हा पंडित अर्धमागधी ग्रंथ वाचू लागला. आणि त्याला दिसायला लागलं की बुद्धाच्या आधीचा एक माणूस दोन्हीकडच्या कागदांत सारखा डोकावतो आहे. तो म्हणजे तेविसावे तीर्थंकर पार्श्वनाथ.

जैन परंपरेप्रमाणे पार्श्वनाथ हे वाराणसीच्या अश्वसेन राजाचे आणि वामादेवीचे पुत्र. महावीरांच्या आधी 250 वर्षं त्यांचं निर्वाण झालं, ते सम्मेदशिखरावर. आजच्या झारखंडातला तो डोंगर त्यांच्याच नावाने पारसनाथ म्हणून ओळखला जातो. त्यांची शिकवण चार यामांची: हिंसा नको, असत्य नको, चोरी नको, परिग्रह नको. श्वेतांबरांच्या आचारांग सूत्रात सांगितलं आहे की महावीरांचे आईवडील पार्श्वनाथांचे उपासक होते आणि शेवटी त्यांनी अन्नत्याग करून देह ठेवला.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय पंडितांपैकी लासेन, वेबर यांच्यासारख्या बड्यांचा समज होता की जैन हा बौद्धांचाच एक फाटा. हा समज मोडला हेर्मान याकोबी या जर्मन पंडिताने, आणि तो मोडण्याचं एक साधन मोठं मजेचं आहे. दीघनिकायातल्या सामञ्ञफलसुत्तात अजातशत्रू राजा बुद्धाला सांगतो की मी निगंठ नातपुत्ताला, म्हणजे महावीराला, श्रामण्याचं फळ विचारलं, तर त्याने चातुयाम-संवराचं वर्णन केलं. आता महावीरांची व्रतं पाच, चार नव्हेत. शिवाय सुत्तात त्या चारांचा जो अर्थ दिला आहे तोही भलताच आहे. याकोबीने यातून ताडलं की बौद्धांनी ऐकीव गोष्ट चुकीच्या माणसाच्या तोंडी घातली. पण चार यामांची एखादी जुनी परंपरा प्रत्यक्षात चालू असल्याखेरीज अशी चूक होणार नाही. प्रतिपक्षाच्या घोटाळ्यातून पार्श्वनाथ इतिहासात आले.

चाराचे पाच कसे झाले, याचं जैनांचं स्वतःचं उत्तर उत्तराध्ययन सूत्राच्या तेविसाव्या अध्ययनात आहे. श्रावस्तीत एकाच वेळी दोन संघ येऊन उतरतात. तिंदुक उद्यानात पार्श्वनाथांच्या परंपरेतला केशी, कोष्ठक उद्यानात महावीरांचा शिष्य इंद्रभूती गौतम. दोघांच्या शिष्यांत कुजबुज सुरू होते. गाव एक, ध्येय एक, मग त्यांचे याम चार आणि आपली व्रतं पाच का? ते वस्त्र नेसतात, आपण का नाही? केशीची परंपरा वडीलधारी म्हणून गौतम आपण होऊन त्याच्याकडे जातो. केशी त्याला बसायला गवताचं आसन देतो. इतर पंथांचे साधू आणि हजारो गृहस्थ हा वाद ऐकायला जमतात.

गौतमाचं उत्तर मला आगमांतल्या सर्वांत प्रामाणिक उत्तरांपैकी एक वाटतं. तो सांगतो, पहिल्या तीर्थंकरांच्या काळची माणसं सरळ होती पण जड होती. मधल्या बावीस जणांच्या काळची सरळ आणि शहाणी. आताची वाकडी आहेत आणि जडही आहेत. शहाण्याला अपरिग्रह म्हटला की त्यात ब्रह्मचर्य आलं हे कळतं, वाकड्याला ते निराळं सांगावं लागतं. वस्त्राचं म्हणाल तर ती लोकांनी ओळखावं म्हणून असलेली खूण. मोक्षाचं खरं साधन ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य. केशीला ते पटतं आणि तो पाच व्रतं स्वीकारतो. म्हणजे धर्माचे नियम माणसं पाहून बदलतात, हे धर्मग्रंथानेच नोंदवून ठेवलं आहे. दिगंबर हे आगम प्रमाण मानत नाहीत आणि वस्त्राचा प्रश्न त्यांच्या दृष्टीने असा सहज सुटत नाही. ते प्रकरण वेगळं आणि मोठं आहे.

कोसंबींनी या सगळ्यातून एक धागा ओढला आणि तो बुद्धापर्यंत नेला. अंगुत्तरनिकायात वप्प नावाचा शाक्य भेटतो. तो निर्ग्रंथांचा श्रावक आहे आणि अट्ठकथा, म्हणजे पाली टीका, त्याला बुद्धाचा चुलता म्हणते. म्हणजे शाक्यांच्या घरात पार्श्वनाथांचा धर्म पोचलेला होता. महासीहनादसुत्तात बुद्ध आपल्या तरुणपणच्या तपाचं वर्णन करतो: नग्न राहणं, हातावर भिक्षा घेणं, केस उपटून काढणं. हे सगळं निर्ग्रंथांच्या आचाराशी जुळतं. यावरून कोसंबींचा निष्कर्ष असा की बुद्धाने पार्श्वनाथांचे चार याम घेतले, तपाचा अतिरेक टाकला आणि त्यावर आपला मार्ग उभारला. हा निष्कर्ष सगळ्या अभ्यासकांनी मानला असं नाही. शाक्यांच्या घरी निर्ग्रंथ विचार होता इथपासून बुद्धाचा मार्ग त्यातून निघाला इथपर्यंतची उडी मला थोडी लांबची वाटते. पण कोसंबींच्या मनात तो निष्कर्ष पक्का होता, आणि तो समजल्याशिवाय त्यांचा शेवट समजत नाही. बौद्ध राहून पार्श्वनाथांकडे जाणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने धर्मांतर नव्हतं. ते उगमाकडे जाणं होतं.

मध्ये एक वादळ झालं. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ 1940-41 मध्ये दोन भागांत निघाला. त्यात मांसाहारावर एक प्रकरण आहे. चुंद लोहाराच्या घरी बुद्धाने शेवटच्या जेवणात जे सूकरमद्दव खाल्लं ते डुकराचं मांसच होतं, असं तिथे त्यांनी साफ लिहिलं. वैदिक यज्ञांतल्या गोवधाचे दाखले दिले. आणि त्याच ओघात म्हटलं की त्या काळचे जैन श्रमणही भिक्षेत आलेलं मांस घेत. आधाराला भगवती सूत्रातला प्रसंग होता. आजीवकांचा नेता गोशाल याच्या तेजाने पोळून आजारी पडलेले महावीर सिंह नावाच्या शिष्याला रेवतीच्या घरी पाठवतात आणि अमुक आणू नको, तमुक आण असं सांगतात. तिथे जे शब्द आहेत त्यांचा सरळ अर्थ कबुतर आणि कोंबडा असा होतो. जैन परंपरेतले टीकाकार त्या शब्दांचा अर्थ वनस्पती आणि फळं असा लावतात. प्राकृतात पशुपक्ष्यांची नावं फळाझाडांना दिलेली सापडतात, त्यामुळे तो अर्थ निव्वळ सारवासारव म्हणून उडवून लावता येत नाही. याकोबीने आचारांगाचं भाषांतर 1884 मध्ये छापलं तेव्हाही अशाच शब्दांवरून गदारोळ झाला होता.

जैन समाज दुखावला. साहजिक होतं. ज्या समाजाने पाण्यातला सूक्ष्म जीव वाचवण्यासाठी पाणी गाळून पिण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या पाळली, त्याला आपल्या तीर्थंकराबद्दल हे वाचणं किती जड गेलं असेल! टीका झाली, लेखकाने शब्द मागे घ्यावेत अशी मागणी झाली. कोसंबींनी ते घेतले नाहीत. त्यांचं म्हणणं, ग्रंथात जे दिसलं ते लिहिलं. बुद्धालाही मी वगळलेलं नाही. चार यामांतला दुसरा सत्याचा आहे, आणि कोसंबी तो अभ्यासाच्या मेजावरही पाळत होते. पण पहिला अहिंसेचा आहे. एखाद्याचं मन न दुखावता खरं बोलणं कुठवर शक्य आहे, हा प्रश्न त्या वादाने उघडा पाडला आणि तसाच सोडला.

याच माणसाने त्यानंतर पार्श्वनाथांवर पुस्तक लिहायला घेतलं. ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे त्यांचं शेवटचं पुस्तक. त्यात इतिहास आहे, पण इतिहासापेक्षा हट्ट अधिक आहे: हे चार याम आजच्या समाजाने जगून दाखवावेत. मुंगी वाचवायची आणि तिजोरी भरायची, ही अहिंसा त्यांना मान्य नव्हती. रशियातल्या क्रांतीने अपरिग्रह समाजाला लावला पण अहिंसा सोडली, आणि जैन गृहस्थांनी अहिंसा धरली पण अपरिग्रह साधूंवर सोपवला, असा त्यांचा रोख होता. गांधीजींच्या सत्याग्रहात त्यांना या चारांचा राजकारणातला पहिला मोठा प्रयोग दिसला.

1946 पर्यंत शरीर थकलं होतं. मधुमेह होता, अंगाला सतत खाज सुटे, झोप लागत नसे. आपल्या हातून आता काही काम होत नाही आणि दुसऱ्यांना सेवा मात्र करावी लागते, हे त्यांना सहन होईना. जैन परंपरेत अशा वेळेसाठी मारणांतिक सल्लेखना, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, आहे. समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात तिच्या वेळा सांगितल्या आहेत: उपाय नसलेलं संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग. रागाच्या भरात किंवा दुःखाला कंटाळून देह टाकणं त्यात बसत नाही. तत्त्वार्थसूत्र तर तिचे दोष सांगताना जगण्याची इच्छा आणि मरण्याची इच्छा शेजारी शेजारी ठेवतं. मरणाची घाई झाली तरी व्रत बिघडलं.

कोसंबींनी सरयूकाठी दोहरीघाटला उपवास आरंभला. खबर गांधीजींपर्यंत पोचली, त्यांनी थांबवायला कळवलं आणि कोसंबींनी उपवास सोडला. मला हा टप्पा नेहमी विचार करायला लावतो. सल्लेखनेला गुरूची अनुमती लागते. कोसंबींना दीक्षा देणारे गुरू सिलोनचे बौद्ध महास्थविर, आणि या व्रताला अडवणारा आणि पुढे वाट देणारा मात्र गुजराती वैष्णव. जैन आचार्य या कथेत कुठेच नाही.

नंतर ते सेवाग्रामला आले. गांधीजी तिथे नव्हते. 1946 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आश्रम सोडला तो पुन्हा परतण्यासाठी नाहीच. नोआखली, बिहार, दिल्ली अशी त्यांची पायपीट चालली होती. या खेपेला त्यांनी कोसंबींना अडवलं नाही. आश्रमवासीयांना पत्रं लिहून ते प्रकृतीची विचारपूस करत राहिले. मे महिन्यात, विदर्भातल्या ऐन उन्हाळ्यात, कोसंबींनी अन्न सोडलं. पाणी घेत होते. सुमारे महिनाभर हे चाललं. आश्रमातले लोक शुश्रूषा करत. बोलणं कमी होत गेलं, भान शेवटपर्यंत राहिलं. आपल्या मागे देहाची विल्हेवाट सर्वांत कमी खर्चात होईल त्या रीतीने लावावी, दहन की दफन याचा आग्रह नाही, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. अपरिग्रहाचा हिशेब इथपर्यंत नेलेला.

3 जून 1947 च्या संध्याकाळी दिल्लीच्या रेडिओवरून फाळणीची योजना देशाला सांगितली गेली. 4 जूनला धर्मानंद वारले. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत त्यांच्यासाठी फार जागा नसणार हे उघड आहे. आठ वर्षांनी, 1955 च्या सप्टेंबरमध्ये, मराठवाड्यात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखनेने देह ठेवला तेव्हा दर्शनाला दूरदूरहून माणसं लोटली होती. तो एका आचार्याचा शेवट होता, मागे संघ होता, शास्त्र होतं, जयघोष होता. सेवाग्रामला यातलं काही नव्हतं. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत कोसंबींची आठवण काढली, गाजावाजा न करता काम करणाऱ्या अशा माणसांची आपल्याकडे नीट कदर होत नाही अशा अर्थाचं ते बोलले. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकायला सिलोनला विद्यार्थी पाठवावेत, असं त्यांनी मनावर घेतलं.

पार्श्वनाथांवरचं पुस्तक 1949 मध्ये निघालं. हार्वर्डचा विसुद्धिमग्ग 1950 मध्ये, म्हणजे त्यांनी कामाला सुरुवात केल्यावर चाळीस वर्षांनी. 1956 च्या सुमारास, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या 2500 व्या वर्षाच्या निमित्ताने, साहित्य अकादेमीने ‘भगवान बुद्ध’ भारतीय भाषांत नेण्याचं ठरवलं आणि मांसाहाराच्या प्रकरणावरून जैनांचा निषेध नव्याने उठला. त्या प्रकरणातल्या ओळी दोन्ही बाजूंना पाठ झाल्या असतील. ते लिहिणारा माणूस कोणत्या व्रताने गेला आणि जाण्यापूर्वी कोणाविषयी लिहीत होता, हे त्या भांडणात किती जणांना आठवलं असेल याची मला शंका आहे.